हप्ते वेळेवर भरतो, तरी कर्ज का हलत नाही?

पत्र (संक्षिप्त):

ताई, नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरात सासूबाई, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. आमच्यावर चार देणी आहेत: क्रेडिट कार्डाची थकबाकी, यांच्या नावावरचं वैयक्तिक कर्ज, वॉशिंग मशीन आणि कॉम्प्युटरचे बिनव्याजी हप्ते, आणि दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी भावजींकडून घेतलेले पैसे. आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. तरी कर्ज आहे तिथंच आहे, उलट थोडं वाढलंच आहे. थोडी मुदत ठेव आहे, पण ती मुलांच्या नावानं ठेवलेली, मोडायला हात होत नाही. यांचे मित्र म्हणतात, पाच वर्षांचं एकच मोठं कर्ज काढा आणि बाकीची मिटवा, हप्ता हलका होईल. पैशाचा विषय निघाला की आमचं भांडण होतं. मुलांना हे सांगावं की नाही, तेही कळत नाही. गेल्या महिन्याचा सगळा खर्च लिहून सोबत पाठवते आहे. कुठं चुकतंय ते सांगा.
– एक वाचक

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही खर्चाची वही न लपवता पाठवलीत, त्यामुळे मला नेमकं बोलता येतंय. तुमचे खरे आकडे इथे छापत नाही. तुम्हा दोघांची मिळून महिन्याची मिळकत १०० धरते आणि बाकी सगळं त्या प्रमाणात सांगते.

कार्डाची थकबाकी १२०. वैयक्तिक कर्ज ३००, व्याज वर्षाला १५ टक्के, हप्ता १० आणि अजून ३८ हप्ते बाकी. वस्तूंचे हप्ते महिन्याला ५, ते आठ महिने चालतील. भावजींचे ८०. एकूण ५४०, म्हणजे साडेपाच महिन्यांच्या मिळकतीपेक्षा थोडं कमी. हा आकडा पाहून घाबरू नका. यापेक्षा मोठी देणी फेडून लोक मोकळे झालेले आहेत. तुमचं दुखणं आकड्याच्या आकारात नाही, ते कार्डाच्या एका रकान्यात आहे.

तो रकाना नीट बघू. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज आहे. १२० वर एका महिन्याचं व्याज झालं ३.६. तुम्ही बिलावर लिहिलेली किमान रक्कम भरता, ती ६. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त २.४. आता तुमची खर्चाची वही उघडते. घरखर्च ८३, हप्ते २१, बेरीज १०४. मिळकत १००. वरचे ४ आले कुठून? कार्डावरून. एका हातानं मुद्दल २.४ नं कमी केलंत आणि दुसऱ्या हातानं ४ नं वाढवलंत. महिनाअखेरीला थकबाकी १.६ नं जास्त. तुम्ही हप्ता चुकवला नाहीत हे खरं, आणि कर्ज वाढलं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि म्हणूनच तुम्हाला ‘कुठं चुकतंय’ ते दिसत नव्हतं.

महिन्याला ३ टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. व्याजावर व्याज धरलं तर तो वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातो. अशा दरानं कुणी एक पैही भरली नाही, तर रक्कम दोन वर्षांच्या आत दुप्पट होते. शिवाय थकबाकी शिल्लक असताना कार्डावर नवी खरेदी केली, की बिनव्याजी सवलतीचे दिवस बहुधा मिळतच नाहीत. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात भरून टाकू’ म्हणून घेतलेली वस्तूही तुम्हाला फुकट पडत नाही.

म्हणून पहिलं काम कर्ज फेडण्याचं नाहीच. पहिलं काम नवं कर्ज थांबवण्याचं आहे. दोघांची कार्डं पाकिटातून काढा. खरेदीच्या ज्या ज्या ॲपमध्ये कार्डाचा नंबर साठवलाय, तिथून तो पुसा. फोनमध्ये नंबर जिवंत ठेवून नुसतं कार्ड कपाटात ठेवलं, तर काही उपयोग नाही. कार्डावरून आपोआप कटणारी वर्गणी असेल, तर ती बंद करा किंवा बचत खात्यावर वळवा. हे झाल्याशिवाय माझं पुढचं एकही वाक्य कामाचं नाही.

आता मुदत ठेव. ती आहे ४०, व्याज वर्षाला ७ टक्के. मुलांच्या नावानं ठेवलेली रक्कम मोडताना हात थरथरतो, हे मी समजू शकते. पण त्यातले ३० काय करतात ते बघा. ठेवीत राहून ते वर्षाला २.१ मिळवतात. तेच ३० कार्डावर देणं म्हणून उभे आहेत, आणि तिथे वर्षाला किमान १०.८ घेऊन जातात. मुलांची ठेव मुलांचेच पैसे खाते आहे. तेव्हा त्यातले ३० काढून एकरकमी कार्डावर भरा. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी काट बसेल, ती सोसा. उरलेले १० मात्र राखून ठेवा. मूल आजारी पडलं, फ्रिज बंद पडला, तर त्या दिवशी हात पुन्हा कार्डाकडे जाऊ नये म्हणून ते १०. कर्ज फेडायच्या भरात लोक गाठीची पै न पै भरून टाकतात आणि दुसऱ्याच महिन्यात पुन्हा उसने मागतात. ते करू नका.

घरखर्चाकडे वळते. तुमच्या ८३ चा हिशेब असा: भाडं २२, किराणा-भाजी-दूध २०, शाळा नि शिकवणी १०, जाण्यायेण्याचा खर्च ८, वीज-फोन-इंटरनेट आणि वर्गण्या ७, बाहेरून मागवलेलं जेवण ७, कपडे नि किरकोळ ५, औषधं ४. काटकसर म्हटलं की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड किराण्यावर पडते, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं, की घरची मिळकत जितकी कमी तितका अन्नावरच्या खर्चाचा वाटा मोठा. तुमचा पाचवा हिस्सा किराण्यावर जातो, त्यात उधळपट्टी मला दिसत नाही. दूध-फळं तोडू नका. किराण्यातून फार तर २ निघतील, तेही कमी खाऊन नव्हे, फेकणं थांबवून. आठवड्याचा बेत आधी ठरवा, घरात काय आहे ते बघून यादी करा, आणि यादीबाहेरचं घेऊ नका. तेवढं पुरे. सासूबाईंच्या औषधांना हात लावायचा नाही. विम्याचा हप्ता असेल तर तोही थांबवायचा नाही. कमावत्या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर हे सगळं गणितच कोसळतं.

बाहेरच्या जेवणाच्या रकान्याशी मात्र मी बराच वेळ थांबले. महिन्यात अकरा नोंदी आहेत. शेजारी तारखा लिहिल्यात हे फार बरं केलंत, कारण अकरापैकी आठ नोंदी कामाच्या दिवसांच्या आहेत, आणि त्याही संध्याकाळी आठच्या पुढच्या. ही चैन नाही. हा थकवा आहे. तुम्ही नोकरीवरून येता, मुलीचा अभ्यास घेता, आणि साडेआठला ओट्यापाशी उभं राहायची ताकद उरत नाही. यावर ‘बाहेरून मागवू नका’ एवढंच सांगणं म्हणजे तुमच्याच पाठीवर आणखी एक गोणी ठेवणं. कर्ज दोघांचं आहे, तर काटकसरीचे कष्टही दोघांचे हवेत. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक तुमच्या यजमानांचा. त्यांना येत नसेल तर त्यांनी शिकावा. दोन-तीन साधे पदार्थ कुणालाही जमतात. चौदा वर्षांच्या मुलाला कुकर लावता आला पाहिजे आणि भाजी चिरता आली पाहिजे. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून दोन तास आठवड्याची पूर्वतयारी केली, की साडेआठच्या त्या आठ संध्याकाळी आपोआप कमी होतात. सुट्टीतलं महिन्यातून एकदोनदा बाहेरचं जेवण राहू द्या. ७ चे ३ होतील. ते शून्य करायच्या हट्टाला पेटू नका. शून्य महिनाभर टिकतं, मग एकदम दहा होतं.

बाकीचं पटकन सांगते. वर्गण्या मोजा. कुणीच बघत नाही अशा दोन तरी सापडतील. वीज नि फोन धरून २ वाचतील. जाण्यायेण्यातून १. कपडे नि किरकोळमधून ३, पण यात दोघांनाही दर महिन्याला थोडी रक्कम अशी ठेवा, की जिचा हिशेब दुसऱ्यानं मागायचा नाही. लहानशा मोकळ्या पैशावरून होणारी भांडणं त्या पैशापेक्षा महाग पडतात. झाले एकूण १२. घरखर्च ८३ वरून ७१.

आणि एक राहिलंच. तुमच्या यादीत शाळेची वार्षिक फी, विमा, गाडीची दुरुस्ती असे वर्षातून एकदा येणारे खर्च कुठेच दिसत नाहीत. ते येतात, आणि आले की ‘अचानक आला’ म्हणून कार्डावर जातात. गेल्या वर्षीचे असे सगळे खर्च आठवून लिहा, बारानं भागा, आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. ही रक्कम ७१ मध्येच बसली पाहिजे. पहिल्या झटक्यात बसणार नाही. बसत नसेल तर किरकोळ आणि जाण्यायेण्याच्या खर्चात पुन्हा शोधा, किंवा फेडीचा वेग किंचित कमी करा. पण ती रक्कम धरल्याशिवाय अंदाजपत्रक पुरं झालं असं म्हणू नका.

आता नवा हिशेब. १०० मधून ७१ घरखर्च, १० कर्जाचा हप्ता, ५ वस्तूंचा. उरले १४. यातले १३ कार्डाला, १ भावजींना. कार्डावर आता १२० नाहीत, ठेवीतले ३० भरल्यामुळे ९० आहेत. महिन्याला १३ भरले तर आठव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं, आणि या सगळ्या काळात व्याज जातं साधारण १२. तुम्ही कार्ड वापरणं बंद केलंत आणि १२० वर नुसती किमान रक्कम भरत राहिलात, तर काय होईल? ती किमान रक्कम थकबाकीबरोबर घटत जाते, त्यामुळे अडीच वर्षांनंतरही निम्म्याहून जास्त देणं तसंच असेल.

मित्राच्या सल्ल्याकडे याच आकड्यांनी पाहू. कार्डाचे हे ९० पाच वर्षांच्या १५ टक्क्यांच्या कर्जात घातले, तर हप्ता बसेल २.१ च्या आसपास. किती हलका! पण साठ हप्त्यांत व्याज जाईल ३८. व्याजाचा दर निम्म्याहून कमी, आणि एकूण व्याज तिप्पट. कारण मुदत लांबली. हप्ता हलका होणं आणि कर्ज स्वस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कर्ज देणारे नेहमी पहिलीच दाखवतात. एकत्रीकरण सरसकट वाईट नाही. मुदत वर्षभराचीच ठेवली, प्रक्रियेचं शुल्क किरकोळ असलं आणि रिकामं झालेलं कार्ड त्याच दिवशी बंद केलं, तर ते फायद्याचं ठरतं. पण कार्ड रिकामं करून पाकिटात परत ठेवणारी घरं वर्षभरात दोन्ही कर्जं डोक्यावर घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. तुमच्या बाबतीत आठ महिन्यांचा प्रश्न आहे, तिथे पाच वर्षांचा दोर गळ्यात घालू नका.

कुणी सांगतात, आधी सगळ्यात लहान देणं संपवा म्हणजे हुरूप येतो. कुणी म्हणतात, सगळ्यात जास्त व्याजाचं आधी. माझं मत तुमच्यापुरतं स्वच्छ आहे: कार्ड आधी. त्याचं व्याज बाकीच्यांपेक्षा इतकं जास्त आहे, की हुरुपासाठी तिकडे दुर्लक्ष करणं परवडणार नाही.

भावजींचं मात्र गणितात बसत नाही. त्या पैशांना व्याज नाही, म्हणून हिशेबानं ते सगळ्यात शेवटी यावेत. मी म्हणते, आजपासून महिन्याला १ द्या, लहान असला तरी ठरल्या तारखेला. तुम्ही लिहिलंय, की दोन वर्षांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही आणि तुमचं त्यांच्याकडे जाणं-येणं कमी झालंय. जाणं तुम्ही कमी केलंत, त्यांनी नव्हे. फोन तुमच्या यजमानांनी स्वतः करावा, तुमच्याकरवी नको. आडवळण नको: “तुझे पैसे विसरलेलो नाही. आत्ता महिन्याला थोडे देतो, आठ महिन्यांनी कार्ड संपलं की मोठी रक्कम सुरू करतो, आणि वर्षभरात पुरे करतो.” तारीख सांगितली की पैसे उसने घेतलेला माणूस पुन्हा ताठ मानेनं भेटू शकतो.

आणि हे वर्षभरात खरंच पुरं होतं. आठव्या महिन्यात कार्डही संपतं आणि वस्तूंचे हप्तेही. नवव्या महिन्यापासून १३, ५ आणि १ मिळून १९ मोकळे होतात. भावजींचे तोवर ७२ उरलेले असतात, ते बाराव्या महिन्यात फिटतात. तेराव्या महिन्यापासून त्या १९ मधले १२ वैयक्तिक कर्जाच्या मुद्दलात जास्तीचे भरा आणि ७ अडीअडचणीच्या गाठीला टाका. असं केलं तर ते कर्ज ३८ ऐवजी २३ महिन्यांत संपतं. मुदतीआधी फेडण्यावर शुल्क आहे का, ते करारपत्रात आधी वाचा. आणि जास्तीची रक्कम भरताना ती मुद्दलात वळती करायची आहे आणि मुदत कमी करायची आहे, हे लेखी कळवा. नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाऊ शकते.

भांडणाबद्दल. तुम्ही लिहिलेले तीनही प्रसंग रात्री अकराच्या पुढचे आहेत, आणि तिन्हींची सुरुवात “तू त्या दिवशी…” अशी झाली आहे. त्या वेळी, त्या सुरुवातीनं, कुणाचंही भांडणच होईल. आठवड्यातला एक ठरलेला वार घ्या, सकाळची वेळ, अर्धा तास. समोर वही. बोलायचं फक्त या आठवड्यात ठरवलं किती, गेलं किती आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचं एवढंच. गेल्या वर्षी कुणी काय घेतलं हा विषय त्या अर्ध्या तासात नाही. जपानमध्ये मोतोको हानी या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची एक वही छापून प्रसिद्ध केली. महिना सुरू व्हायच्या आधी ठरवायचं आणि महिना संपल्यावर पडताळायचं, ही तिच्यामागची रीत. शंभराहून अधिक वर्षं झाली, अजून लोक ती वापरतात. ॲप वापरायचं असेल तर खुशाल वापरा. मला हातानं लिहिणं बरं वाटतं, कारण लिहिताना रक्कम डोक्यातून एकदा पुन्हा जाते. पण वही दोघांनी लिहायची. एकानं लिहायची आणि दुसऱ्यानं उत्तरं द्यायची, अशी झाली तर आठवड्याचा अर्धा तास उलटतपासणी होऊन बसतो.

मुलांना सांगा. त्यांना कळत नाही असं समजू नका. दार लावून बोलता तेव्हा ती कान देऊन असतात, आणि खऱ्या आकड्यापेक्षा मोठी भीती मनात धरतात. नऊ वर्षांच्या मुलीला एवढंच पुरे: “आपण काही पैसे परत करतोय, म्हणून वर्षभर काही गोष्टी कमी घेऊ. घर, शाळा, जेवण सगळं तसंच राहणार आहे.” शेवटचं वाक्य विसरू नका, तिला तेच ऐकायचंय. मुलाला आकडे दाखवा. कार्डाचा तो रकाना त्याच्यासमोर ठेवा आणि व्याज त्यालाच काढायला सांगा. त्यानं नवा फोन मागितलाय असं लिहिलंत, तर ‘बघू’ म्हणू नका. कार्ड संपेपर्यंत नाही, त्यानंतर अमुक रकमेपर्यंत, असं सांगा. स्पष्ट नकार मुलं पचवतात, ताटकळणं पचवत नाहीत. आणि मुलांच्या वाढदिवसाच्या पैशांना, खाऊच्या डब्याला हात लावू नका, अगदी परत देऊ म्हणूनसुद्धा.

सासूबाईंनाही यात घ्या. त्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे घेतले, म्हणून त्यांच्यासमोर बोलायचं टाळता, हे पत्रात दिसतं. पण घरात सगळे कुजबुजतात आणि आपल्याला कुणी काही सांगत नाही, हे त्यांना जास्त टोचत असणार. रोजच्या भाजी-दुधाचा हिशेब त्यांच्याकडे द्या. त्यांनी वर्षानुवर्षं याहून कमी पैशांत घर चालवलेलं असेल.

एखाद्या महिन्यात पगार उशिरा झाला, कुणाची नोकरी गेली, आजारपण आलं, तर हप्त्याची तारीख उलटायच्या आधी कर्ज देणाऱ्याशी बोला. आधी बोललेल्याला थोडी सवड मिळू शकते. नंतर बोललेल्याच्या वाट्याला दंड येतो आणि पतनोंदीवर, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याच्या नोंदीवर, डाग. तो हप्ता भरायला आणखी कुणाकडून झटपट कर्ज मात्र घेऊ नका, फोनवर दोन मिनिटांत मिळतं ते तर मुळीच नाही.

आठव्या महिन्यात कार्ड शून्य झालं, की ते बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि बाकी काही नसल्याचं पत्र मागून घ्या. काही दिवसांनी आणखी एखादं व्याजाचं बिल येऊ शकतं, कारण शेवटच्या बिलानंतरचे दिवस त्यात मोजलेले असतात. ते भरूनच पत्र घ्या. वैयक्तिक कर्ज संपल्यावरही तसाच दाखला घ्या, पतनोंदीत ते खातं ‘बंद’ असं दिसतंय का ते दोनेक महिन्यांनी तपासा, आणि भावजींचा शेवटचा हप्ता द्यायला दोघं मिळून त्यांच्या घरी जा.